काकांच्या कॉम्प्युटरवर परत विंडोज १०

देवगडला आमच्या काकांचं हापूसचं काम. पेटीची बिलं जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात, कारण तीन कॉप्या एकदम लागतात. फेब्रुवारीत कधीतरी त्यांनी स्क्रीनवर आलेल्या अपडेटला हो म्हटलं आणि विंडोज ११ आलं, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, पण मार्चमध्ये पेट्या सुरू झाल्या आणि प्रिंटर ऑफलाईनच दाखवत बसला. प्रिंटरवाल्या कंपनीने ११ साठी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढलेलाच नाही. त्यात मशीन ४ जीबी रॅमचं, साधी हार्ड डिस्क, म्हणजे ११ च्या किमान अटीत बसतं पण चालताना धापा टाकतं. काकांचं एकच, "माका जुनाच होया."

आता जुनं परत आणायचा सोपा रस्ता असतो. सेटिंग्स, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे गो बॅक. पण तो फक्त १० दिवस, कारण जुनं विंडोज सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड फोल्डरमध्ये तेवढेच दिवस ठेवलेलं असतं, मग साफ. डिझम (DISM) नावाच्या विंडोजच्याच कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती आधी संपली नसेल तरच. आमची केव्हाच संपली होती, म्हणजे सगळं पुसून विंडोज १० नव्याने टाकणं आलं.

त्याला ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि त्यावर विंडोज भरून देणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल. घरी रेंजची बोंब, कित्येक जीबी डाउनलोड कसलं होतंय, म्हणून स्टँडजवळ मित्राच्या दुकानातून करून आणलं, आणि सोबत प्रिंटर आणि वायफायचे ड्रायव्हर पण वेगळे कॉपी करून घेतले, नाहीतर विंडोज टाकल्यावर नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही अशी गंमत होते. बिलिंगचा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला आणि दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघितला, हे नक्की करा, कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नसतं. लाईटचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर फुल चार्ज झाल्यावरच बसलो.

इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की मागते तिथे 'माझ्याकडे की नाही' निवडायचं, आधी विंडोजची होम आवृत्ती होती तर होमच टाकायची, लायसन मदरबोर्डला जोडलेलं असतं त्यामुळे नेट मिळालं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. ड्रायव्हर टाकला आणि प्रिंटर करकरला, काकी आतून विचारते "चालू झाला काय रे?"

एक मात्र आहे, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. घरच्या मशीनला वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यात नाव घातलंय, आणि बँकेचं काम तिथून बंद, मोबाईलवरच. सीझन संपला की एसएसडी (वेगवान डिस्क) आणि जास्त रॅम टाकायची आणि मग ११ परत. प्रिंटर पण बदलावा लागेल, पण ते काकांना सांगायचं कुणी हा वेगळा प्रश्न.