मिडलवाली

तिकिटावर बर्थचा नंबर दिसला की मी पहिले त्याला आठनं भागते. बाकी दोन किंवा पाच उरली की मिडल, तीन किंवा सहा उरली की अप्पर, एक किंवा चार म्हणजे लोअर आणि सात किंवा पूर्ण भाग गेला की साइडचे. शाळेत भागाकाराचा एवढा उपयोग मला कधीच झाला नाही आणि रेल्वेनं माझी बाकी कायम दोन नाहीतर पाचच ठेवली. म्हणजे कॉलेजपासून ते परवापरवापर्यंत, इंदूरहून पुण्याला मामाकडे जा, दिल्लीला जा, नाहीतर काशीला आजीच्या अस्थी घेऊन जा, मी आपली मिडलवाली. गाडीत नावं थोडीच असतात, लोअरवाले अंकल, अप्परवाला लडका आणि "वो मिडलवाली मॅडम", झालं.

मिडल बर्थ ही काय चीज आहे ते मिडलवाल्यालाच माहीत. दिवसा तो नसतोच. दिवसा तो खालच्या सीटची पाठ असतो, सगळे त्याला टेकून बसतात, शेंगा खातात, पत्ते खेळतात आणि रात्री तीच पाठ उचलून दोन साखळ्यांना लटकवली की ती तुमची खोली. म्हणजे तुम्ही जिच्यावर झोपणार तिला दिवसभर चार अनोळखी माणसांच्या पाठीचा घाम लागलेला असतो, ह्याचा विचार करायचा नसतो, चादर टाकायची. बसता तर येतच नाही, मान वर केली की वरच्या बर्थचा पत्रा. पाणी प्यायचं तर कुशीवर वळून, कोपरावर टेकून, अर्धं नाकात.

आणि खिडकी. ह्याबद्दल कुणी बोलत नाही. मिडलवर आडवं पडलं की खिडकीचा फक्त वरचा भाग तुमच्या वाट्याला येतो आणि तोही तिरका, वरून खाली बघितल्यासारखा, त्यामुळे आकाश नाही, झाडं नाहीत, डोंगर नाहीत, नुसती खडी पळताना दिसते आणि स्टेशन आलं की पाय. स्टेशनाचं नाव कधी दिसत नाही. बूट, सँडल, अनवाणी, ट्रॉलीची चाकं, चहाची किटली धरलेला एक हात, बस. अर्ध्या भारताचे पाय मी बघितलेत.

पण खरा प्रश्न वेळेचा. नियम काय, तर रात्री दहा ते सकाळी सहा झोपायची वेळ, बाकी वेळ लोअर बर्थ ही सगळ्यांची बसायची जागा. पूर्वी नऊची वेळ होती, २०१७ मध्ये दहा केली. आता नियम कागदावर ठीक आहे पण साडेनवाला तुमचे डोळे मिटायला लागले आणि खालचे काका निवांत डबा सोडून बसले असले की काय करणार, उभं राहायचं, खोटी जांभई द्यायची, चादर झटकायची, शेवटी लाजत म्हणायचं, "अंकल, बर्थ खोल लें?" आणि पहाटे उलटं, सव्वासहाला खालून गुडघा लागतो, "बेटा, उठ गए क्या?" आता गुडघा मारल्यावर कोण उठणार नाही. एकदा पुण्याला जाताना मी घाईघाईत बर्थ उचलला, एका बाजूचा हूक बसला, दुसऱ्या बाजूचा बसला असं मला वाटलं, आणि मी पाय ठेवल्याबरोबर तो कोपरा धाडकन खाली, खालच्या काकांच्या टकलावर. टेंगूळ आलं. ते बिचारे "कोई बात नहीं" म्हणत राहिले आणि मी त्यांना भरपाई म्हणून आईच्या हातच्या चार दशम्या आणि लसणाची चटणी दिली. तेव्हापासून मी हूक दोनदा ओढून बघते.

(लालूप्रसाद रेल्वेमंत्री होते तेव्हा साइडलासुद्धा मिडल बर्थ बसवला होता, आठवतंय का? त्यात शिरायचं म्हणजे फडताळात अंथरूण घालण्यासारखं होतं. लोकांनी एवढी बोंब मारली की काढावा लागला. माझ्यासारखीच कुणीतरी आधी मारली असणार.)

तर सांगायचं म्हणजे मागच्या वर्षी मी पंचेचाळीस पूर्ण केली. वाढदिवसाला नवऱ्यानं केक आणला, मुलीनं स्टेटस ठेवलं, पण खरं गिफ्ट मला रेल्वेनं दिलं. पंचेचाळीस पूर्ण झालेल्या बायकांना लोअर बर्थचा कोटा असतो! माझी धाकटी बहीण तिरुवनंतपुरमला राहते, ती कधीची बोलावत होती, म्हटलं चला. पूर्वी चार महिने आधी तिकीट काढता यायचं, आता साठच दिवस आधी, म्हणून साठाव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मी लॅपटॉपसमोर. स्लीपर. घरात सगळे म्हणाले मे महिना आहे, थर्ड एसीनं जा, पण काचेआडून दोन दिवस बघायचे असतील तर मी घरी टीव्हीच बघीन ना. तिकीट आलं. एस फोर, छत्तीस. भागलं. बाकी चार. लोअर! छत्तीसचा आकडा म्हणून लोकांनी उगाच बदनाम केलाय.

गाडी आमचीच, अहिल्यानगरी एक्सप्रेस. आठवड्यातून एकदा निघते, दोन रात्री काढून केरळात पोचते. सोडायला बाबा आले होते. आमचे बाबा स्टेशनवर आले की एक गोष्ट सांगतातच, ती न सांगता गाडी हलली तर मला वाटेल गाडी चुकीची आहे. "हे बघ, आपल्या तुकोजीरावांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी, १८७० मध्ये इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, एकशे एक वर्षांच्या मुदतीनं, साडेचार टक्क्यांनी, तेव्हा कुठे खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली." मी लहानपणापासून ऐकत आलेय. एकदा कॉलेजात असताना चिडून म्हटलं होतं, बाबा, एक कोटी दिले तर निदान एक लोअर बर्थ तरी होळकरांच्या नावानं लिहून घ्यायचा. ह्या वेळी मी खिडकीत बसून, पाय पसरून, राजेशाही थाटात ऐकलं. बाबांनी खिडकीतून जिरावन मसाल्याची पुडी दिली, "तिकडे पोहे मिळणार नाहीत, पण कशावर तरी घाल."

समोर तेहतीस नंबरला एक केरळच्या आजी होत्या, मुलगी इंदूरला नर्स आहे तिच्याकडे राहून परत निघालेल्या, सगळे त्यांना अम्मा म्हणत होते म्हणून मीपण अम्मा. हिंदी त्यांना दहा-बारा शब्द यायचे आणि तेवढ्यात त्या सगळं बोलायच्या. उज्जैनला गंमत झाली. इंदूरहून उज्जैनमार्गे भोपाळकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन उज्जैनला काढून दुसऱ्या टोकाला लावतात, आम्हाला सवय आहे, पण गाडी उलटी निघाल्यावर अम्मा एकदम ताठ. "वापस? इंदौर वापस?" मी म्हटलं नाही नाही, केरलाच. त्यांना काही पटलं नाही, बराच वेळ त्या माझ्याकडे आणि खिडकीकडे आळीपाळीनं बघत होत्या. आणि माझं काय झालं, मी मुद्दाम पुढं तोंड होईल अशी खिडकी मिळाली म्हणून खूश होते, तर उज्जैननंतर मी आपली मागं मागं.

माझ्यावरचा मिडल, सदतीस, एका पोराचा. बावीस-तेविसाचा असेल, इंदूरच्याच पाटणीपुऱ्याचा, कोयंबतूरला पहिली नोकरी लागली म्हणून निघालेला, बरोबर एक सॅक आणि आईनं दिलेला शेवेचा दोन किलोचा डबा. तो कसा बसला होता माहितीये, माझ्या सीटच्या अगदी कडेला, एक मांडी वर आणि एक हवेत, म्हणजे बसलोय असं कुणाला वाटू नये म्हणून. ते बसणं मी ओळखते. पंचवीस वर्षं मी तसंच बसलेय. म्हटलं, "भिया, आराम से बैठो, सीट है." तर एक इंच सरकला.

नर्मदा रात्री आली, पुलाचा आवाज बदलला तसे झोपेतसुद्धा इकडचे सगळे हात जोडले गेले, आमच्या डब्यात तरी. नागपूरला उजाडत होतं आणि माइकवरून मराठीत ऐकू आलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आता आम्ही पिढ्यान् पिढ्या इंदूरचे, आमच्या मराठीला पुण्याचे भाचे हसतात, पण ते वाक्य ऐकलं की मी उठून बसतेच. आणि मजा म्हणजे ह्या गाडीतून महाराष्ट्र म्हणजे चहा, अंघोळीऐवजी तोंड धुणं आणि नाश्ता एवढ्यातच संपतो, बल्लारशाला वडे घेतले की पुढं तेलंगण.

दिवस चढला तशी मला लोअरची खरी कहाणी कळायला लागली. कागद माझ्या नावावर आणि कुळं तीन! सदतीसवाला, अडतीसवाला, आणि मधेच कुठून तरी आलेले एक गृहस्थ जे "बस अगले स्टेशन तक" म्हणून अडीच तास बसले. मला आडवं व्हायचं होतं, कंबर धरली होती, पण सहा ते दहा ती सीट सगळ्यांची. इतकी वर्षं मला वाटायचं खालच्या लोकांची काय मजा आहे.

वारंगळ गेलं आणि उन्हानं डबा तापला. खिडकीतून येणारं वारं म्हणजे वारं नव्हतंच, तव्यावरून फुंकर घातल्यासारखं. पंखा नुसता आवाज करत होता. अडीच वाजले असतील. तो पोरगा हळूच म्हणाला, "आंटी, थोड़ी देर बर्थ खोल लूँ? रात को नींद नहीं हुई." आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? विचार करायच्या आधी, आपोआप, त्याच सुरात, "अभी तो दिन है बेटा."

बेटा! मी कधी कुणाला बेटा म्हणत नाही. मुलीलासुद्धा नाही. हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं, पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या काकांच्या, अंकलांच्या, मावश्यांच्या तोंडून ऐकून ते माझ्यात मुरलं असणार, लोणच्यासारखं, आणि झाकण उघडताच वास आला. पोरगा काहीच बोलला नाही. "जी" म्हणाला आणि पुन्हा कडेला.

थोड्या वेळानं बघते तर तो बसल्या बसल्या झोपलाय, मान पुढं लोंबलेली, प्रत्येक झटक्याला डोकं आपटायचं राहतंय, तोंड उघडं, आणि हातातला मोबाइल अगदी बोटांच्या टोकांवर आलेला, पडेल की मग पडेल. मी मोबाइल काढून घेतला तरी कळलं नाही. अम्मा माझ्याकडे बघत होत्या. दहा-बारा शब्दांपैकी त्यांनी एकच वापरला. "सोना."

मग आम्ही दोघींनी त्याला उठवला, तो दचकून "कौन सा आया, कौन सा आया" करत उभा राहिला, मी पाठ उचलली, अम्मांनी खालून दोन्ही हातांनी रेटा दिला, ह्या हुकाचा टक् आवाज आला, त्या हुकाचा टक् आला, मी दोन्ही ओढून बघितले, पुन्हा एकदा ओढून बघितले. चढला आणि भिंतीकडे तोंड करून दोन मिनिटांत घोरायला लागला.

त्याच्याखाली मी. मान वाकवून, गुडघ्यावर कोपर टेकवून, पाठ टेकायला काही नाही कारण पाठच वर गेलेली. अम्मांना माझी दया आली, त्यांनी स्वतःच्या सीटवर सरकून जागा केली आणि विजयवाडा येईपर्यंत आम्ही तिकडे खेटून बसलो. त्यांच्याकडे केळ्याचे वेफर्स होते, माझ्याकडे जिरावन. वेफर्सवर जिरावन घालून बघा कधीतरी, मी सांगतेय म्हणून. अम्मांनी पहिले संशयानं चाखलं, मग वेफर्सची पिशवी सरळ माझ्यासमोर धरली, घाल म्हणून. विजयवाड्यानंतर कृष्णा आली, मेमधली, वाळूच जास्त. मी अम्मांना सांगायचा प्रयत्न केला की ही आमच्या महाराष्ट्रातून येते, महाबळेश्वरहून, त्यांनी मान डोलावली आणि नाणं टाकलं. पोरगा सात वाजता उठला, ताजातवाना, आणि सगळ्यांना शेव वाटत सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयंबतूरला तो उतरला. सॅक पाठीवर, डब्यात अजून किलोभर शेव, खिडकीशी येऊन "आंटी, चलता हूँ" म्हणाला आणि माझ्या पाया पडायला हात आत घालून थांबला, पोचेना. प्लॅटफॉर्मवर उभा राहून त्यानं फोन लावला, "मम्मी, आ गया."

सदतीस नंबर तसाच वर राहिला, त्यानं पाडला नव्हता. अडतीसवाला अजून झोपलेला. खाली माझी आख्खी सीट मोकळी, खिडकी, कुळं गेलेली, बाहेर पालक्काडची नारळाची झाडं सुरू झालेली, हेच तर मला पाहिजे होतं. अम्मांनी हातानं खुणावलं, झोप आता, लोअर. मी थोडा वेळ आडवी झालेही. झोप काही लागेना. मग चपला काढून सीटखाली सरकवल्या, शिडीवर पाय ठेवला आणि वर गेले. कूस बदलली, मान नेमकी त्या कोनात बसली, नाकासमोर पत्रा, आणि जी झोप लागली म्हणता.

जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती. खिडकीच्या वरच्या पट्टीतून पाय दिसत होते. ओल्या रबरी चपला, गुडघ्यापर्यंत दुमडलेलं पांढरं मुंडू, फरशीवर पाणी, म्हणजे पाऊस पडून गेला असावा, आणि छत्रीचं टोक टेकवत जाणारं कुणीतरी. कुठलं स्टेशन ते काही कळेना.

खालून अम्मांनी बर्थवर दोनदा टकटक केली. "तृशूर," म्हणाल्या.