टाईम ऑफिसात काम करता करता एचआर शिकले त्याबद्दल

आमच्या एमआयडीसीत कुणी एचआर (म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन) शिकायचंय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, एमबीए करणार का? नाही म्हटलं, विद्यापीठाचा सर्टिफिकेट कोर्स करतेय म्हटलं, की मग समोरचा जरा गप्पच होतो. गेल्या काही महिन्यांत मला इतक्या जणांनी विचारलं की नक्की काय शिकवतात, उपयोग होतो का, सांगलीत राहून करता येतं का, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

मी कुपवाडला एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) टाईम ऑफिसला आहे. शिक्षण बीकॉम. काम म्हणजे पंचिंगचा डेटा काढायचा, मस्टर तयार करायचं, कुणाचा खाडा कुणाची रजा कुणाची किती तास ओटी (ओव्हरटाईम) हे जुळवायचं आणि महिन्याच्या शेवटी पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) यांची चलनं भरायची. हे सगळं मला आधीच येत होतं. पण ते तसं का करायचं हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, आधीच्या क्लार्कने जसं दाखवलं तसं पुढे चालू. कोर्सला नाव घातलं ते मुख्य ह्या कारणासाठी.

लेक्चर रविवारी, बाकी अभ्यास घरी पुस्तकांवरून. आमच्या बॅचला मिरजेच्या एका हॉस्पिटलमधल्या सिस्टर होत्या ज्या सगळ्या वॉर्डांचं ड्युटी रोस्टर लावतात, एक साखर कारखान्यातला हंगामी क्लार्क होता, पतसंस्थेतले एक शाखाधिकारी, दोन तीन नुकतीच बीए झालेली पोरं. मला वाटतं ह्या कोर्सचं अर्धं शिक्षण ह्या लोकांच्या बोलण्यातूनच झालं, कारण सरांनी कुठलाही मुद्दा काढला की सिस्टर लगेच म्हणायच्या आमच्याकडे असं होतं आणि कारखान्याचा पोरगा म्हणायचा आमच्याकडे तसं नाही हो, आणि मग सर पुस्तक बाजूला ठेवायचे.

सुरुवातीचा थिअरीचा भाग मी भराभर वाचून काढला. मास्लोची १९४३ ची गरजांची उतरंड, मॅकग्रेगरची एक्स आणि वाय थिअरी, हर्झबर्ग वगैरे, म्हणजे माणूस कशामुळे मन लावून काम करतो ह्याबद्दलची मतं. त्यातलं हॉथॉर्न मात्र डोक्यात राहिलं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग केले, आधी उजेड वाढवला तर काम वाढलं आणि मग उजेड कमी केला तरी काम वाढलंच, पुढे एल्टन मेयो आणि त्यांच्या लोकांनी त्यावर बरीच वर्षं काम केलं आणि निष्कर्ष असा काढला की आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय ह्या जाणिवेचाच माणसावर परिणाम होतो. ह्या निष्कर्षावर नंतर बरीच टीकाही झाली असं सरांनी सांगितलं. पण शॉप फ्लोअरवर रोज एक चक्कर मारणारा मॅनेजर आणि केबिनमधून फोन करणारा मॅनेजर यात काय फरक पडतो हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे मला ते पटतं.

खरा कस लागला तो कायद्याच्या आणि पगाराच्या पेपरला. ग्रॅच्युइटीचंच घ्या, म्हणजे नोकरी संपताना सर्व्हिसच्या वर्षांवर मिळणारी रक्कम. आमच्याकडे एक मोल्डर (साचे बनवणारे) मामा रिटायर होणार होते, सर्व्हिस २७ वर्षं, शेवटचा बेसिक आणि डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) मिळून १८,२००. मामांनी घरी पोराकडून हिशोब करून आणलेला, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार म्हणजे निम्मा, ९,१०० गुणिले २७. मी जो आकडा काढला तो त्याच्यापेक्षा मोठा आला तर ते घाबरलेच, म्हणाले, "मॅडम, ह्ये जास्त कसं काय आलं ओ? नंतर कापून घेणार न्हाय न्हवं?" मग मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं, जसं सरांनी आम्हाला फळ्यावर दाखवलं होतं. पंधरा दिवसांचा पगार काढताना महिना ३० दिवसांचा धरायचा नाही, २६ चा धरायचा, कारण सुट्टीचे रविवार सोडले की कामाचे दिवस तेवढेच उरतात. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, त्याला १५ ने गुणलं की १०,५००, आणि २७ वर्षांचे २,८३,५००. घरच्या हिशोबापेक्षा तब्बल ३७,८०० रुपये जास्त. मामांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी अजून तिघांना घेऊन आले, त्यांचं पण बघा म्हणून!

आता हे १५ भागिले २६ मला आधी माहीत नव्हतं का? होतं, एक्सेलमध्ये फॉर्म्युला तयारच आहे. पण समोरच्याला समजावून सांगता येणं हे वेगळं काम आहे आणि मला वाटतं एचआरचं मूळ काम तेच आहे. माणसाने विचारायच्या आधी त्याला त्याचं किती निघतं हे सांगणं.

तसंच ईएसआयचं. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय लागू, कामगाराचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के. इन्क्रिमेंट झालं आणि कुणी २१ हजाराच्या वर गेला की पुढच्या महिन्यात टाईम ऑफिसच्या खिडकीवर भांडण ठरलेलं, आता का कापता म्हणून. तर त्याचे सहा सहा महिन्यांचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, मध्येच पगार वाढला तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालू राहते आणि त्या बदल्यात दवाखान्याची सोय पण चालू राहते. एवढं शांतपणे सांगितलं तर माणूस ऐकतो हो, फक्त सांगणाऱ्याला ते माहीत पाहिजे.

कोर्समधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खोटी खोटी खातेनिहाय चौकशी, म्हणजे कामगारावर आरोप झाला की कंपनी स्वतः करते ती चौकशी. विषय दिला, नाईट शिफ्टला झोपलेला कामगार. पतसंस्थेचे साहेब चौकशी अधिकारी, मी कंपनीच्या बाजूने, कारखान्याचा पोरगा कामगार. आधी चार्जशीट, मग खुलासा, मग साक्षी. त्या पोराने पहिल्याच मिनिटाला विचारलं, मी झोपलोय हे ज्यांनी बघितलं ते सुपरवायझर कुठं आहेत, मला त्यांना प्रश्न विचारायचेत. मी म्हटलं त्यांचा लेखी रिपोर्ट आहे. सरांनी तिथंच थांबवलं आणि विचारलं, उलटतपासणी करू दिली नाही तर ही चौकशी कोर्टात टिकेल का? मग नैसर्गिक न्यायाची तत्त्वं, आरोप लेखी द्यायचे, बाजू मांडायची संधी द्यायची, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यायचे, ज्याने आरोप केला त्यानेच निर्णय द्यायचा नाही, हे सगळं त्या एका तासात असं पक्कं बसलं की परीक्षेला वेगळं पाठ करावं लागलं नाही. सस्पेंड केलेल्या माणसाला पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि चौकशी कामगाराच्या वागण्यामुळे लांबलेली नसेल तर पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो हे ऐकून तर नवीन पोरं चकितच झाली.

मधेच २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड लागू झाले. २९ जुने कामगार कायदे जाऊन चार संहिता. आमच्या छापील नोट्स सगळ्या जुन्या कायद्याच्या. सरांनी वहीत दोन रकाने पाडायला लावले, जुनं आणि नवीन, आणि एकेक मुद्दा आमच्याकडूनच भरून घेतला. प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचंच. कुणी राजीनामा दिला किंवा काढलं तर त्याचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा. ठराविक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एक वर्षाने ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायचं नाही. वेल्फेअर ऑफिसर (कामगार कल्याण अधिकारी) आधी ५०० कामगारांना लागायचा तो आता २५० ला.

आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे वेतनाची व्याख्या. आपल्याकडे काय करतात, बेसिक बारीक ठेवतात आणि भत्ते फुगवतात. समजा एकूण ४०,००० आहे, त्यात बेसिक डीए १६,००० आणि बाकी २४,००० भत्ते. आता भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचे ४,००० वेतनातच धरायचे, म्हणजे हिशोब २०,००० वर. ग्रॅच्युइटी वाढते, रजेचा पगार वाढतो, आणि आयुष्यभर राबलेल्या माणसाच्या हातात शेवटी थोडे जास्त पैसे पडतात. मला ह्या तरतुदीचा मनापासून आनंद झाला.

एक गोष्ट मात्र खटकली ती सांगते. पुस्तकातली उदाहरणं सगळी आयटी कंपन्यांची नाहीतर परदेशातली. टाटांनी जमशेदपूरला १९१२ ला आठ तासांचा दिवस केला आणि १९२० ला प्रॉव्हिडंट फंड सुरू केला, भारतात त्याचा कायदा १९५२ चा, एवढं एक आपलं उदाहरण होतं. पण आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर, निवडुंग माजलेल्या जागेत कारखाना आणि कामगारांची वसाहत एकत्र उभी केली आणि जेलमधून सुटून आलेल्या माणसांना पहाऱ्याचं काम दिलं. माणसावर विश्वास टाकून त्याला उभं करणं, हे शिकवायला यापेक्षा जवळचं काय पाहिजे? साखर कारखान्यांचं तर स्वतंत्र प्रकरणच पाहिजे. कायम, हंगामी, कंत्राटी असे तीन थर, गाळप बंद झालं की हंगामी माणसाला रिटेन्शन अलाऊन्स (पुढच्या हंगामापर्यंत मिळणारा भत्ता), आणि हंगामी कारखान्यात फक्त सीझनपुरत्या कामावर असणाऱ्याची ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवस नाही तर हंगामाला सात दिवस. हे आम्हाला पुस्तकाने सांगितलं नाही, त्या क्लार्क पोराने सांगितलं.

मार्केट यार्डातले हमाल पण तसेच. हळदीचे बेदाण्याचे सौदे सगळ्यांना माहीत, पण ती पोती उचलणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, ज्याच्यामागे पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ह्या फायद्यांसाठीची ठराविक टक्के रक्कम) माथाडी बोर्डात भरतो आणि बोर्ड हमालाला मजुरी, पीएफ, ग्रॅच्युइटी देतं, म्हणजे रोज वेगळ्या गाळ्यावर काम करणाऱ्या माणसालाही सेवेचे फायदे मिळतात. इतकी विचार करून बांधलेली व्यवस्था आपल्या दारात असताना सांगली साताऱ्याच्या पोरांनी ती वर्गात शिकू नये हे मला अजिबात पटत नाही. सरांना तसं लेखी दिलंय मी फीडबॅकमध्ये, दोन पानं.

आता कुणी करायचा हा कोर्स? तुम्ही टाईम ऑफिसला, अकाउंटला, हॉस्पिटलच्या ऑफिसात, कारखान्यात आधीपासून असाल तर नक्की करा, रोजच्या कामाला लगेच जोडता येतो. नुकतंच ग्रॅज्युएशन झालं असेल आणि फक्त ह्या सर्टिफिकेटवर एचआर मॅनेजरची नोकरी मिळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वेल्फेअर ऑफिसरच्या पोस्टला तर सरकारने ठरवून दिलेली पात्रताच लागते, तिथं हे सर्टिफिकेट चालत नाही. ॲडमिशन घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव येणार की फक्त संस्थेचं. नोट्समध्ये नवीन लेबर कोड आलेत का. आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणी प्रत्यक्ष कारखान्यात किंवा कामगार खात्यात काम केलेलं आहे का, हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

मी आता लेबर लॉच्या डिप्लोमाचं बघतेय. दोन रकान्यांची ती वही मी टाईप करायला घेतलीये, पुरी झाली की इथंच टाकेन, कुणाला आधी पाहिजे असेल तर कळवा.