पंजाबी दुभाषी हवा होता

मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या आसपासच्या इस्पितळांत स्पॅनिश दुभाषी म्हणून काम करते. स्पॅनिश पुण्यात शिकले, दुभाष्याची परीक्षा इथे आल्यावर दिली. आमचा पहिला नियम लोकांना विचित्र वाटतो. पेशंट "मला दुखतंय" म्हणाला की मीही "मला दुखतंय" असंच म्हणायचं, "त्यांना दुखतंय" नाही. उभं राहायचं पेशंटच्या खांद्याच्या किंचित मागे, म्हणजे डॉक्टर माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघून बोलतात. पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही, अगदी शिवीसुद्धा.

त्या दिवशी माझं काम शेजारच्या खोलीत होतं. ते आटपून निघाले तर पडद्याआडून आवाज आला, "आय, दिओसीतो!" अगं आई गं म्हणावं, तसं. आत नव्वदीच्या आजी, पडून खुब्याचं हाड मोडलेलं, मनगटाला ख्रिस्ती जपमाळ गुंडाळलेली. आडनाव सिंग. ते बघून नोंदणीच्या खिडकीवर कुणीतरी वंश 'एशियन इंडियन' आणि भाषा 'पंजाबी' भरून टाकली होती. मग रीतसर व्हिडिओवर पंजाबी दुभाषी आला, आजी त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि कागदावर चढलं: 'गोंधळलेली, प्रतिसाद नाही.' एरवी त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. पण वेदना आणि गुंगीच्या औषधात म्हातारी माणसं आईच्या भाषेत परततात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. "घरी काय बोलता?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? मला अजून राग येतो.

नर्सची परवानगी घेऊन मी खांद्यामागे उभी राहिले. तेच प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारल्यावर आजींनी तारीख, गाव, इस्पितळ, सगळं बिनचूक सांगितलं. ऑपरेशनची माहिती ऐकली, स्वतःच्या शब्दांत परत सांगितली आणि सही केली.

मग नोंदणीची मुलगी दुरुस्तीला आली. वंश कोणता? आजी म्हणाल्या, "मेहिकाना-इंदू." स्पॅनिशमध्ये 'h' हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. 'इंदू' म्हणजे हिंदू, पण धर्माने नव्हे, हिंदुस्थानातला म्हणून. कारण 'इंदिओ' हा शब्द तिकडच्या मूळ रहिवाशांकडे गेला. आता मी काय म्हणायचं? 'हिंदू' म्हणाले तर ही मुलगी ते धर्माच्या रकान्यात टाकणार, तेही जपमाळवाल्या बाईच्या नावापुढे. 'इंडियन' म्हणाले तर अमेरिकेतले आदिवासी समजणार. अशा वेळी आम्हाला "दुभाषी स्वतः खुलासा करते आहे" असं सांगून बोलता येतं. मी बोलले.

आजींचे वडील शीख. पंजाबातून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल व्हॅलीत कापूस पिकवायला आलेले. 1917च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर तिकडून बायको आणायची वाट बंद झाली, आणि कॅलिफोर्नियात 1948पर्यंत गोऱ्यांनी इतरांशी लग्न करायला बंदी होती. मेक्सिकन बायका कागदोपत्री बऱ्याचदा गोऱ्यांत धरल्या जायच्या. मग कारकून दोघांकडे बघायचा, दोघांच्या नावापुढे 'ब्राऊन' लिहायचा आणि परवाना द्यायचा. अशी शेकडो घरं उभी राहिली. मुलं आईची भाषा बोलायची, बहुतेक चर्चमध्ये जायची आणि स्वतःला मेक्सिकन-हिंदू म्हणवायची. 1930च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात 'मेक्सिकन' होतं आणि 'हिंदू'ही होतं. आजींच्या आईला एक खाना होता, शीख असूनही वडिलांना दुसरा. आज त्यांच्या मुलीसाठी संगणकात 'इतर' होतं. 1997पासून सरकारी नियम एकाहून जास्त वंश निवडू देतो, आमच्या त्या पडद्यावर मात्र एकाच ठिकाणी खूण होते. नोंदणीच्या मुलीने 'इतर' दाबलं. भाषा तेवढी स्पॅनिश झाली.

ऑपरेशनला नेण्याआधी त्यांना कुशीवर वळवलं. दोन नर्सेस, मध्ये उशी. आजी कळवळल्या, "या, या, बस, बस!"

"पुरे, पुरे, थांबा, थांबा," मी म्हणाले. पुढच्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की 'बस' स्पॅनिश नव्हे. तो वडिलांचा शब्द. मला तो स्पॅनिश दुभाषी म्हणून कळलाच नव्हता, घरातला शब्द म्हणून कळला होता.

त्यांनाही ते जाणवलं असावं. मान वळवून त्यांनी पहिल्यांदा माझा चेहरा नीट पाहिला आणि विचारलं, "तू माझ्या बाबांच्या लोकांतली का गं?"

नियम स्पष्ट आहे. प्रश्न मला असला तरी मी तो इंग्रजीत सगळ्यांना सांगायचा, आणि उत्तर द्यायचं ते दुभाषी म्हणून. मी साताऱ्याची. पंजाब पाहिलेलाही नाही.

मी म्हणाले, "हो, तिकडचीच." त्यांनी माझं बोट धरलं आणि ट्रॉली हलेपर्यंत सोडलं नाही.

"काय म्हणाल्या?" नर्सने विचारलं.

"काही नाही, चौकशी करत होत्या," मी सांगितलं.