मेल सर्व्हर रांगतोय म्हणून रॅम वाढवायला निघालो होतो

सोमवारी सकाळी साडेदहाला परचेसवाल्यांचा फोन, म्हणे सप्लायरने नऊला मेल टाकलाय, अजून आला नाही. पाहिलं तर ॲक्टिव्ह क्यूमध्ये (आत्ता पोचवायच्या मेलची रांग) दीडेक हजार मेल पडून. सेटअप तसा साधा, मेल घेणारा-पोचवणारा पोस्टफिक्स, त्यामागे मेल तपासणारा अमाविस, त्यात स्पॅम ओळखायला स्पॅमअसॅसिन आणि व्हायरससाठी क्लॅमएव्ही, मशीनला 4 जीबी रॅम.

मी पहिल्यांदा जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. अमाविसच्या डिफॉल्ट 2 प्रोसेस होत्या, त्या सरळ 20 केल्या. प्रत्येक प्रोसेस म्हणजे रॅम खाणारा जाडजूड पर्ल प्रोग्रॅम, वरून क्लॅमएव्ही आधीच निम्मी रॅम अडवून बसलेला, पाच मिनिटांत मशीन स्वॅपमध्ये गेलं (रॅम संपून डिस्क वापरायला लागलं) आणि एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन केलेली स्क्रीन सुद्धा टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी दाखवायला लागलं. परत 2 वर आणलं. तोवर साहेब मागे उभे, "रॅम मागवू का?" एकजण म्हणाला क्यू फ्लश करत रहा, म्हणजे अडलेले मेल लगेच परत पाठवायला लाव. अरे बाबा, फ्लश डिफर्डमधल्या (एकदा न पोचल्यामुळे नंतरसाठी ठेवलेल्या) मेलसाठी असतो, आपले ॲक्टिव्हमध्ये अडकलेत, आणि सारखा फ्लश मारला की चांगल्या मेलची डिलिव्हरी पण मंदावते.

मग शेवटी लॉग नीट वाचला, जे खरं तर आधी करायला हवं होतं. पोस्टफिक्स प्रत्येक डिलिव्हरीच्या ओळीत डीलेज म्हणून सेकंदांचे चार आकडे देतो: क्यू मॅनेजरकडे यायच्या आधी गेलेला वेळ, क्यू मॅनेजरमध्ये थांबलेला, कनेक्शन जोडण्यातला आणि प्रत्यक्ष मेल देण्यातला. आमच्याकडे 0.4/2310/0.02/17. दुसरा आकडा बघून घाबरायला होतं, पण ती नुसती रांग, दुखणं शेवटच्या 17 मध्ये. एका मेलला अमाविस 17 सेकंद घेणार, प्रोसेस दोनच, म्हणजे मिनिटाला जेमतेम 7 मेल, आणि सोमवारी सकाळी येणार त्याच्या कितीतरी पट.

पण सीपीयू तर निवांत होता! म्हणजे काम चाललेलं नाही, कुणाची तरी वाट बघणं चाललंय. स्पॅमअसॅसिन ब्लॅकलिस्टसाठी (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीसाठी) डीएनएसला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या नेमसर्व्हरला विचारतो आणि उत्तर नाही आलं तर डिफॉल्ट 15 सेकंद थांबतो, तिथे डोक्यात ट्यूब पेटली. कोणत्या नेमसर्व्हरला विचारायचं ते लिहिलेल्या रिझॉल्व्हच्या फाइलमध्ये पहिला नेमसर्व्हर म्हणून जुनं मशीन होतं, जे शनिवारी मीच बंद करून रॅकमधून काढलं होतं 🙈

मेल सर्व्हरच्याच मशीनवर अनबाउंड हा नेमसर्व्हर टाकला, फाइलमध्ये पत्ता 127.0.0.1 (म्हणजे स्वतःचंच मशीन) केला, अमाविस रीस्टार्ट केला (नाहीतर तो जुनाच पत्ता धरून बसतो), शेवटचा आकडा 17 वरून दीडवर. प्रोसेस 4 केल्या, पोस्टफिक्सच्या मास्टर या सेटिंगच्या फाइलमध्ये पण तेवढ्याच, नाहीतर पोस्टफिक्स जास्तीची कनेक्शन्स उघडून नुसताच ताटकळतो.

जेवायच्या सुट्टीपर्यंत क्यू रिकामी. लगेच परचेसचा परत फोन, "अहो, एकदम इतक्या मेल कशा काय आल्या?"