पायपेटी आणि एकच शब्द

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असं पत्र आलं आणि आधी आठवली ती पायपेटी. जुन्या हॉलच्या खिडकीखालची, मधली एक पट्टी दाबली की वर यायलाच तयार नसलेली. मग अर्थातच बाई. आपल्या शाळेत बाई पुष्कळ, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की गायनाच्याच. खरं तर गणिताच्या सरांवर लिहायला हवं, नोकरी त्यांच्याच जोरावर लागली. ते राहूनच जाणार.

1978. मी नववीत, आवाज नुकता फुटलेला. क्वायरच्या निवडीला बाईंनी ‘सा’ दिला आणि माझ्या घशातून दोन सा निघाले, एक वरचा, एक बोकडाचा. पोरं खिदळली. बाई म्हणाल्या, “तू यंदा कागद वाट.”

तास सुटल्यावर मी नाक ओढत कागद गोळा करत होतो, तेव्हा त्यांनी अमेरिकन संगीतकार रँडल थॉम्प्सनची गोष्ट सांगितली. 1916 साली हा हार्वर्डच्या ग्ली क्लबात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गायनवृंदात, निवडीला गेला आणि वृंद चालवणाऱ्या आर्चिबाल्ड डेव्हिसननी त्याला घेतलंच नाही. पुढे त्याच हार्वर्डात तो 1948 ते 1965 प्राध्यापक होता. त्याआधी फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेत पुढे गाजलेला संगीतकार बर्नस्टाईन त्याच्या हाताखाली शिकला. आयुष्यभर मी त्या नकाराचाच वचपा काढतोय, असं तो गमतीने म्हणे. ‘वचपा’ हा शब्द बाई इतक्या चवीने उच्चारायच्या, की मला रडू आवरावंच लागलं.

मी वाटत होतो ते कागद त्याच्याच ‘आलेलुया’चे. चारही आवाज बाईंनी टॉनिक सोल्फात, म्हणजे डो-रे-मीच्या अक्षरांत, उतरवून, स्वतः स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल केलेले. अख्ख्या रचनेत शब्द एकच, आलेलुया, म्हणजे देवाची स्तुती करा. शेवटी तेवढं आमेन. पाठांतर नाही म्हणून पोरं खूश! पहिल्याच दिवशी नाताळात गातात तसं दणक्यात सुरू केलं. बाईंनी पेटी थांबवली. म्हणाल्या, 1940 च्या जुलैत अमेरिकेत टँगलवूडला वाद्यवृंद-संचालक कुसेवित्स्कींचं संगीत केंद्र उघडायचं होतं, त्यांना हवा होता जल्लोष. पण जूनमध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडलेला, थॉम्प्सनला जल्लोष सुचेना. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत लिहून झालं ते हे असं संथ. 8 तारखेला उद्घाटन, आणि गाणाऱ्यांच्या हातात कागद पडले तेव्हा तासही उरला नव्हता. “बायबलातला ईयोब आठवा. देवाने दिलं, देवाने नेलं, तरी त्याचं नाव धन्य. तसं म्हणा. वरातीतलं नको.”

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बासमधल्या, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजात गाणाऱ्या, एकाला गोवर निघाला. दोन महिने कागद वाटता वाटता मला बास तोंडपाठ. बाईंनी काही न विचारता मला मागच्या रांगेत ढकललं. “फुटेलसं वाटलं तर नुसते ओठ हलव.” फुटला. एकदाच, पण नेमका सगळे अगदी हळू गात असताना. बाईंचा हात थांबला नाही. एक भुवई तेवढी वर गेली. ती भुवई मला अजून दिसते.

आता मी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला असतो. इथल्या चर्चच्या क्वायरमध्ये बास गातो, त्याला तीस वर्षं होतील. टँगलवूडला अजून दर उन्हाळ्यात हेच ‘आलेलुया’ गाऊन सुरुवात होते. अ‍ॅमहर्स्ट गावाला 1959 मध्ये 200 वर्षं झाली, तेव्हा कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या सात कवितांना थॉम्प्सननेच संगीत दिलं. त्याही आम्ही गायलो. गावाच्या वाढदिवसाला मुद्दाम गाणं लिहून घेणारी माणसं! आणि आपल्या शताब्दीच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, ‘समूहगीत (ट्रॅकवर)’. पायपेटी भंगारात गेली म्हणे. कोणी काढली ते विचारत नाही.

बाईंचा तो कागद माझ्याकडे आहे. जांभळी शाई फिकी झालीय आणि कोपऱ्यात माझ्याच डब्यातल्या तेलाचा डाग. या लेखासोबत पाठवतोय, हवा तर छापा. छापून झाल्यावर मात्र आठवणीने परत पाठवा.