शेवटचे तीन आउट आणि ६५२ सेव्ह

बेसबॉलमधला सर्वांत मोठा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणारा पिचर (चेंडू टाकणारा), कोण, यावर अमेरिकेत फारसा वाद होत नाही. मारियानो रिव्हेरा. पनामातल्या पुएर्तो कायमितो या कोळ्यांच्या गावचा. १९९५ ते २०१३ सगळी कारकीर्द न्यूयॉर्क यँकीजकडे काढली आणि ६५२ सेव्ह नावावर लावून गेला. न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसात यँकीजवाले आणि न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचे, मेट्सवाले, अशी उभी फाळणी आहे, पण रिव्हेराचं नाव निघालं की मेट्सवालेही गप्प बसतात.

फोनवर बाबांना हे सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "सेव्ह म्हणजे विकेट का रे?"

नाही. सामना नऊ इनिंगचा, एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन आउट. सुरुवातीचा पिचर दमला की मैदानाच्या कडेच्या बुलपेनमधून दुसरा येतो, मग तिसरा. संघ पुढे असताना जो येतो आणि आघाडी न घालवता सामना संपवतो, त्याच्या खात्यात सेव्ह. नेहमीची अट अशी की आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नसावी आणि त्याने किमान एक इनिंग टाकावी. पोटकलमं आणखी आहेत, ती राहू देत.

"मग चार धावांनी पुढे असताना आला तर?" बाबा बँकेतून रिटायर झालेले, कलमातली फट त्यांना लगेच दिसते.

तर बहुतेक वेळा काही नाही. घाम तेवढाच, खातं कोरडं.

शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६० मध्ये हा हिशेब मांडला. आदल्या वर्षी पिट्सबर्गचा पिचर एलरॉय फेस याने बुलपेनमधून येऊन १८ सामने जिंकले होते आणि एकच हरला होता. होल्ट्झमनना ते पटेना, कारण त्यातल्या काही सामन्यांत फेसनेच आघाडी घालवली, मग फलंदाजांनी सामना खेचून आणला आणि विजय मात्र फेसच्या नावावर लागला. १९६९ पासून सेव्ह अधिकृत झाला. पुढे गंमत अशी झाली की मॅनेजर लोक (म्हणजे संघाचे मुख्य कोच) या आकड्याकडे बघूनच पिचर वापरू लागले. सत्तरच्या दशकात रॉली फिंगर्स, गूस गॉसेज हे क्लोजर सातव्या-आठव्या इनिंगलाच यायचे आणि शेवटपर्यंत टाकायचे. ऑकलंडला मॅनेजर टोनी ला रुसाने डेनिस एकर्सलीला बहुतेक फक्त नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलं, आणि पुढे तीच रीत पडली. हल्लीच्या क्लोजरचं काम सोपं झालंय, हे गॉसेज अनेकदा बोलून दाखवतो. मला त्याचं पटतं.

म्हणून रिव्हेराचे ६५२ सुद्धा मी जरा बाजूलाच ठेवतो. सॅन दिएगोचा ट्रेव्हर हॉफमन ६०१ वर थांबला; ५०० आणि ६०० दोन्ही त्यानेच आधी गाठले. खांदा दुखावल्यावर वेग गेला, तेव्हा त्याने चेंजअप या फसव्या संथ चेंडूवर कारकीर्द उभी केली. तोही थोरच. रिव्हेरा वेगळा ठरतो तो ऑक्टोबरच्या बाद फेरीत. तिथे त्याने १४१ इनिंग टाकल्या आणि नऊ इनिंगमागे सरासरी ०.७० धावा दिल्या. समोर देशातले उत्तमोत्तम संघ, आणि पूर्ण एक धावही नाही!

बरं, चेंडू बहुतेक एकच, कटर. सरळ येतोय असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी तो डावखुऱ्या फलंदाजाच्या हातांकडे घुसतो, बॅट मुठीजवळ मोडते. सगळ्यांना माहीत असायचं काय येणार, तरी मारता येत नसे. त्याच्या शेवटच्या हंगामात मिनेसोटाच्या संघाने त्याला मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची करून भेट दिली. हॉफमन २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या मानाच्या यादीत गेला, रिव्हेरा २०१९ मध्ये, आणि त्याला ४२५ पैकी ४२५ मतं पडली. एकमताने निवडून आलेला तो पहिलाच.

तो कधी चुकलाच नाही असं नाही. २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना ॲरिझोनाने त्याच्याच हातून काढून घेतला, आणि २००४ मध्ये त्याआधीच्या फेरीत बॉस्टननेही हातातली आघाडी घालवायला लावली. बॉस्टनवाले हे अजून विसरू देत नाहीत.

आता विक्रम कोण मोडेल? कुरासाओचा केन्ली जॅन्सन २०२५ च्या हंगामाअखेर ४७६ वर होता, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. नुसत्या बरोबरीला अजून १७६ हवेत, म्हणजे वर्षाला तीस धरले तरी सहा वर्षं. बाबांनी तोंडीच भागाकार केला आणि म्हणाले, "नाही जमायचं त्याला." तरी अधूनमधून फोनवर विचारतात, किती झाले म्हणून.