घोडीचं लिगामेंट आणि विम्याची मंजुरी : माझा अनुभव

आमच्या घोडीच्या पुढच्या पायाचं सस्पेन्सरी लिगामेंट, म्हणजे पायाच्या मागच्या बाजूने सांध्याला आधार देणारा चिवट पट्टा, मधोमध फाटलं होतं. सोनोग्राफीत तंतू तुटल्याचा काळा डाग स्वच्छ दिसला. डॉक्टरांनी स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा, उपचार सुचवला: छातीच्या हाडातून मज्जा काढायची, लॅबमध्ये पेशी वाढवायच्या, मग सोनोग्राफीवर बघत थेट जखमेत टोचायच्या. हे सगळं नीट पार पडलं. अडलं ते विमा कंपनीच्या मंजुरीत, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

फॉर्मवर विश्रांती आणि शस्त्रक्रिया एवढेच पर्याय. स्टेम सेल म्हटलं की 'प्रायोगिक', म्हणून फाइल वेगळ्या टेबलावर. तिथून विचारणा: शस्त्रक्रिया का करत नाही? डॉक्टरांनी सविस्तर लिहून दिलं. दुखणं कळवणारी नस (नर्व्ह) कापून लिगामेंटवरचं आवरण मोकळं करायची शस्त्रक्रिया मागच्या पायात, लिगामेंटच्या वरच्या टोकाचं जुनं दुखणं असेल तर करतात; इथे ती लागूच नाही. शिवाय नस कापलेल्या घोड्याला अनेक देशांत शर्यतीत उतरू देत नाहीत. यावर उत्तर काय, तर सोनोग्राफीच्या चित्रांवर घोडीच्या ओळखीच्या मायक्रोचिपचा नंबर नाही! चित्रं पुन्हा पाठवली. मग फाइल बघणारा माणूस रजेवर.

इकडे लिगामेंट कुणासाठी थांबत नाही. पहिली सूज ओसरल्यावर आणि व्रण घट्ट होण्याआधी पेशी द्याव्या लागतात, आणि त्या वाढवायलाच काही आठवडे जातात. शेवटी मी मंजुरीची वाट न बघता पदरच्या पैशांनी मज्जा काढून घेतली. गरज पडली तर पेशी गोठवून ठेवता येतात, हे डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा पेशी तयार होत्या. तो निर्णय घेतला याचा मला अभिमान वाटतो.

तुमच्यावर ही वेळ आली तर मज्जेचं आधी बघा, कागद मागाहून. पण दुखापत कळल्याच्या दिवशीच कंपनीला लेखी कळवा, आणि पहिल्याच सोनोग्राफीवर चिपचा नंबर घालून घ्या. पीआरपी, म्हणजे जखमेत टोचायचा प्लेटलेट्सनी भरलेला रक्तद्रव, घोड्याच्याच रक्तातून त्याच दिवशी तयार होतं, त्याबद्दलही विचारा.

नंतरचे महिने हाताने चालवण्याचे. लंगडणं थांबलं म्हणजे लिगामेंट भरलं असं नाही. आम्ही प्रत्येक वेळी काम वाढवण्याआधी सोनोग्राफी केली. आता डाग भरलाय, घोडी दुडकी चालतेय. मज्जा काढण्याचा खर्च मात्र कंपनीने अजून दिलेला नाही. तो दावा मी सोडणार नाही.